मॅप बदलून भोक बुजत नाही

सुपरचार्जरवाल्या गाडीचं पिकअप पडलं, चेक लाइट लागला आणि स्कॅनरवर मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) झाल्याचा कोड आला, की हल्ली मालकाला एकच सल्ला मिळतो: मॅप मारून घ्या. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला इंधनाचा तक्ता बदला, सगळीकडे थोडं इंधन वाढवा, जमलं तर कॉम्प्रेसरची पुली छोटी करा, गाडी पुन्हा पळायला लागेल. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणारे ट्यूनर हा सल्ला देतात, हौशी मंडळी तो पुढे सरकवतात, आणि आमच्या कुंभकोणममध्येही तो आता शहाणपणाचा म्हणून खपतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि कित्येकदा मूळ बिघाडापेक्षा इंजिनाला जास्त महाग पडणारा आहे.

कावेरीच्या काठच्या देवळांच्या गावात सुपरचार्ज्ड गाड्या आल्या कुठून, असं महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. त्यातल्या काही पुण्याहूनच आल्या. मर्सिडीजची सी-२०० कॉम्प्रेसर २००८ च्या सुमारास पुण्याला जोडली जायची आणि देशभर विकली जायची: १७९६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर, १८४ अश्वशक्ती. पुढे त्याच घराण्याच्या इंजिनाला टर्बो मिळाला आणि 'कॉम्प्रेसर' हे नाव मागे पडलं. तेव्हाच्या अशा गाड्या, जर्मन असोत वा इंग्रज, आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. सिंगापूरला किंवा आखातात नोकरी करून परतलेल्या माणसाने हौसेने घेतलेली गाडी तंजावूर, मायिलाडुतुरै, कुंभकोणमच्या रस्त्यांवर दिसते. किंमत उतरलेली आहे, पण गाडीचं वयही पंधरा वर्षांच्या पुढे गेलेलं आहे. वय इथे महत्त्वाचं आहे, कारण लोखंड-ॲल्युमिनियम टिकतं आणि रबर टिकत नाही.

मॅपवाल्यांचा युक्तिवाद आधी त्यांच्याच बाजूने मांडतो, कारण तो करणारे सगळे अडाणी नाहीत. ते म्हणतात, ही इंजिनं शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनली आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुना तक्ता कमी इंधन देतो, म्हणून लीन कोड. वर कावेरीच्या डेल्टामधली उष्णता. शिवाय गावात डायनो नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. तेव्हा तक्ता नव्या पेट्रोलप्रमाणे सुधारणं हाच व्यवहार्य उपाय.

यातलं इथेनॉलचं विधान खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच त्याचा हिशेब करता येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९ किलो. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्टर इंधन आकारमानाने सोडतो, त्यामुळे घनतेतला थोडासा फरक धरला तर शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे साडेसात टक्के आणि दहा टक्केवाल्या पेट्रोलपेक्षा सुमारे चार टक्के जास्त इंधन लागतं. एवढंच. ऑक्सिजन सेन्सरवर चालणारा कॉम्प्युटर इतकी दुरुस्ती स्वतःहून करतो. त्याच दुरुस्तीच्या टक्केवारीला ट्रिम म्हणतात. लीन कोड येण्यासाठी ट्रिम साधारणपणे वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जावी लागते. इथेनॉल तिला तिथपर्यंत नेऊ शकत नाही.

आणि इथेनॉलची एक खूण आहे जी लपत नाही. ते टाकीत असतं, म्हणून सगळीकडे सारखं असतं. गाडी सिग्नलला उभी असो की पापनाशमच्या रस्त्यावर ऐंशीने जात असो, इथेनॉलमुळे होणारी दुरुस्ती सारख्याच टक्क्यांची राहील. आयडलिंगला ट्रिम अधिक वीस आणि रेस दिल्यावर अधिक सहा दिसत असेल, तर मधले चौदा टक्के टाकीतून आलेले नाहीत. ते हवेतून आले आहेत. एवढी एक गोष्ट पाहायला पाच मिनिटं लागतात. ती न पाहता पेट्रोलला दोष देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

'हलक्या पेट्रोलमुळे लीन होतं' असंही ऐकू येतं. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी ९१ असायचा आणि अशा इंजिनांना हवा ९५, हे खरं. पण ऑक्टेन कमी पडला तर नॉकिंग होतं, कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो आणि ताकद कमी होते. मिश्रणाचं प्रमाण त्याने बदलत नाही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, तेव्हा त्या बाजूने तर ते मदतच करतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुपरचार्जरच्या गाडीत गळती कुठे आहे यावर मिश्रण लीन होणार की रिच, हे ठरतं. साध्या गाडीत इनटेकला भोक पडलं तर हवा आतच येते, कारण आत कायम ओढ असते. सुपरचार्जरच्या गाडीत तोच पाइप आयडलिंगला ओढतो आणि जोर दिला की फुंकतो. या एका फरकात सगळं निदान आहे, आणि मॅपवाल्यांच्या सल्ल्यात याला जागाच नाही.

हवेची वाट पाहा. फिल्टर, त्यानंतर हवेचं वजन मोजणारा सेन्सर, मग कॉम्प्रेसर, इंटरकूलर, थ्रॉटल, मनिफोल्ड. कॉम्प्युटर सेन्सरने मोजलेल्या हवेइतकं इंधन देतो. सेन्सर आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये भेग असेल, तर तिथे नेहमीच ओढ असते. न मोजलेली हवा आयडलिंगलाही येते, जोर दिल्यावर बूस्टमध्येही येते, आणि गाडी सगळीकडे लीन राहते. ही सगळ्यात धोक्याची, कारण बूस्टखाली लीन मिश्रण पिस्टनवरचा रिंगांमधला कठडा फोडतं. कॉम्प्रेसर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये, इंटरकूलरच्या होजला, भेग असेल, तर आयडलिंगला जवळजवळ काहीच दिसत नाही. जोर दिला की मोजलेली हवा बाहेर पळते, तिच्यासाठी दिलेलं इंधन मात्र आत जातं, आणि गाडी काळा धूर सोडते. तिसरी जागा थ्रॉटलच्या पुढे, मनिफोल्डवर: ब्रेकच्या बूस्टरचा पाइप, ब्रीदरचा होज, गॅस्केट. तिथली भेग आयडलिंगला हवा ओढते म्हणून लीन, आणि बूस्टमध्ये हवा फुंकते म्हणून रिच. एकाच भोकाची दोन उलटी लक्षणं.

या तिसऱ्या जागी भेग असलेल्या गाडीला सगळीकडे बारा टक्के इंधन वाढवणारा मॅप मारला तर काय होईल? आयडलिंगला कोड जाईल. मालक खूश होईल. आणि बूस्टमध्ये, जिथे गाडी आधीच रिच होती, तिथे आणखी बारा टक्के इंधन ओतलं जाईल.

हे कागदावरचं गणित नाही. कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या अलीकडे एका शेडमध्ये अशीच एक गाडी मी पाहिली. ती कोणत्या कंपनीची याला महत्त्व नाही; चार सिलिंडर, पट्ट्यावरचा सुपरचार्जर, वय झालेली. मॅप मारण्याआधीचे आकडे मालकाने फोनमध्ये जपून ठेवले होते: आयडलिंगला ट्रिम अधिक वीस, अडीच हजार आरपीएमवर अधिक सहा. मॅप मारल्यावर आयडलिंगला अधिक सात, अडीच हजारावर उणे पाच. कोड गेला होता. पण जोर दिला की लॅम्बडा (मिश्रणाचं माप; एकाच्या खाली म्हणजे रिच) ०.७३ पर्यंत खाली येत होता, जिथे ०.८५ च्या आसपास असायला हवा. प्लग काजळीने काळे पडले होते आणि ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत होता.

मेकॅनिकने इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला. वर काहीच दिसलं नाही. मग त्याने टॉर्च घेऊन मनिफोल्डच्या खाली वाकून पाहिलं आणि मला खूण केली. इंजिनाच्या अंगाला चिकटून, अंगठ्याएवढ्या जाडीचा ब्रीदरचा एक वाकडा होज जातो. त्याच्या खालच्या पोटातून धुराची बारीक दोरी निघत होती. होज बाहेर काढला तेव्हा तो वरून धड दिसत होता. बोटाने दाबला तर ऑइल पिऊन पिठासारखा मऊ झालेला भाग आत बसला आणि भेग तोंड उघडून दिसली. नवा होज बसवला. तेव्हा ट्रिम आयडलिंगला आणि अडीच हजारावर दोन्हीकडे उणे सहा झाली, म्हणजे मॅपने वाढवलेलं इंधन आता कॉम्प्युटर स्वतःच काढून टाकत होता. मूळ मॅप परत टाकल्यावर दोन्हीकडे अधिक पाच. सगळीकडे सारखी, जशी इथेनॉलची असायला हवी तशी. तेवढे पाच टक्के इथेनॉलचे होते, बाकीचं होजचं. त्या मालकाने मॅपला मोजलेल्या पैशात असे होज कितीतरी आले असते.

ज्या गाड्यांत हवेचं वजन मोजणारा सेन्सर नसतो आणि मनिफोल्डच्या दाबावरून हिशेब होतो, तिथे चित्र वेगळं असतं: मनिफोल्डमधल्या भेगेने दाब वाढतो, कॉम्प्युटर इंधनही वाढवतो, आणि गाडी लीन न होता आयडलिंगला चढी राहते. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे माहीत नसताना ट्रिम वाचू नये.

दुसरा गैरसमज बूस्टच्या काट्याचा. काटा ०.५ बारऐवजी ०.३५ दाखवायला लागला की 'कॉम्प्रेसर गेला' किंवा 'पुली बदला'. बूस्टचा आकडा हवा मोजत नाही, अडवलेली हवा मोजतो. सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठराविक हवा ढकलतो. इंजिन ती जितक्या सहज गिळेल तितका मनिफोल्डमधला दाब कमी राहील. मोकळा सायलेन्सर बसवल्यावर बूस्ट उतरतो आणि ताकद वाढते. उलट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला की बूस्ट वाढतो आणि गाडी मरगळते. काट्यावरून खूश होणाऱ्या माणसाला ही दुसरी गाडी निरोगी वाटेल.

मग पाहायचं काय? हवेचं वजन, आणि तेही मिश्रणाशेजारी ठेवून. साधा हिशेब करता येतो. १.८ लिटरचं इंजिन पाच हजार आरपीएमवर सेकंदाला सुमारे ७५ लिटर जागा भरतं. अर्धा बार बूस्ट, इंटरकूलरनंतर साठ अंशांची हवा आणि नव्वद टक्के भरणा धरला, तर सेकंदाला शंभर ग्रॅमच्या थोडी वर हवा जायला हवी. सेन्सर ७५ दाखवत असेल आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर मिश्रण लीन असेल, तर सेन्सर खोटं बोलतो आहे किंवा त्याच्या पुढे भेग आहे: हवा जास्त जाते, तो कमी सांगतो. सेन्सर ७५ दाखवतो आणि मिश्रण बरोबर असेल, तर हवा खरोखरच कमी जाते आहे: पट्टा घसरतो, बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, फिल्टर भरला आहे किंवा पुढे कॅटॅलिटिक तुंबला आहे. सेन्सर शंभरच्या वर दाखवतो, काटा मात्र खाली आणि मिश्रण रिच असेल, तर मोजलेली हवा वाटेत बाहेर जाते आहे. याच एका तुलनेने अर्ध्याहून अधिक पार्ट न बदलता वगळता येतात. कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. तो या तुलनेआधी करायला सांगणारा माणूस निदान करत नाही, पार्ट विकतो.

हवा कमी पडण्याच्या या कारणांची शहानिशाही अवघड नाही. पट्टा घसरत असेल तर हवा एका आरपीएमपर्यंत बरोबर वाढते आणि पुढे सपाट होते, पुलीच्या आसपास काळी रबराची भुकटी साचते, पावसात लक्षण वाढतं. अशा गाडीला छोटी पुली बसवली तर पट्ट्याची पुलीभोवतीची पकड आणखी कमी होते आणि तो आणखी घसरतो. इथे पुलीवाल्यांशी जास्त बोलण्यासारखं काही नाही. बायपास व्हॉल्व्ह डोळ्याने पाहता येतो: रेस दिल्यावर बंद होतो की नाही. कॅटॅलिटिकसाठी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्याच आट्यात दाबाचा काटा लावायचा. अडीच हजार आरपीएमवर ०.२ बारच्या पुढे गेला तर पुढे वाट अडली आहे.

इंधनाच्या बाजूलाही अशीच एक चाचणी आहे जी क्वचित कोणी करतं: जोर दिलेला असताना इंधनाचा दाब पाहणं. उभ्या गाडीत दाब बरोबर आला म्हणून पंप चांगला ठरत नाही. समजा रेलचा दाब ३.८ बारला स्थिर ठेवलेला आहे आणि बूस्ट अर्धा बार आहे. इंजेक्टरच्या तोंडापाशी इंधनाला ढकलणारा फरक ३.३ बारचा. पंप थकून दाब ३ बारवर आला, तर फरक उरतो अडीच बार. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे इंधन सुमारे तेरा टक्क्यांनी कमी. आणि हे घडतं नेमकं बूस्टमध्ये, जिथे कॉम्प्युटर बहुधा ऑक्सिजन सेन्सरकडे पाहणं सोडून तक्त्यावर चालत असतो, त्यामुळे कोडही लगेच येत नाही. इथे मॅपने तेवढं इंधन वाढवलं तर आज गाडी बरी वाटेल. पंप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणखी थकेल आणि मग मधली सावरून घ्यायची जागा संपलेली असेल. मॅप बिघाडाचं नुसतं आजचं माप लिहून ठेवतो, आणि बिघाड त्या मापावर थांबत नाही.

उष्णतेचा मुद्दाही तपासून पाहू. वीस अंशांऐवजी चाळीस अंशांची हवा घेतली तर वजनाने ती सहा-साडेसहा टक्के कमी भरते. तेवढी ताकद जाणार, आणि कुठलाही मॅप ती परत आणणार नाही. पण मिश्रण त्याने लीन होत नाही, कारण सेन्सर वजन मोजतो, आकारमान नाही. खरी उष्णता कॉम्प्रेसर तयार करतो. पस्तीस अंशांची हवा दीडपट दाबापर्यंत साठ टक्के कार्यक्षमतेने दाबली तर ती शंभर अंशांच्या जवळ पोचते. तिला थंड करायचं काम इंटरकूलरचं, आणि आमच्या डेल्टात त्याचा शत्रू वेगळाच आहे. सांबा पिकाच्या काढणीला, पोंगलच्या पुढे-मागे, रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. गाड्या त्यावरून जातात, भुसा आणि काडी उडते आणि इंटरकूलरच्या पात्यांत जाऊन बसते. ऑइलच्या वाफेने ओलसर झालेल्या पात्यांवर त्याचा थर जमतो. गाडीचं पिकअप दर वर्षी त्याच सुमारास पडतं आणि मालक पेट्रोलला शिव्या घालतो. इनटेकच्या तापमानाचा आकडा स्कॅनरवर असतोच. एकदा जोर देऊन पाहा: तापमान चढून उतरायला तयार नसेल तर बंपर सोडवून इंटरकूलर मागच्या बाजूने पाण्याने धुवा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात अन्यायाचा दावा: असल्या गाड्यांचं निदान छोट्या गावात होत नाही. हे कुंभकोणमबद्दल बोललं जातं तेव्हा मला राग येतो. तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम विभागाचं मुख्यालय इथे आहे; चोळन रोडवेज म्हणून १९७२ साली सुरू झालेली ती संस्था. बस, टिपर, भातकापणीची यंत्रं, बहुतेक टर्बो डिझेलवर चालतात आणि ती चालू ठेवणारे हात याच गावात तयार होतात. बूस्टचा होज साबणाच्या पाण्याने तपासणं, क्लिपखाली ऑइलचा ओघळ शोधणं, पाइप हाताने दाबून रेस द्यायला सांगणं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती मी आवर्जून सांगतो. डिझेलमध्ये इंधन वाढलं की उष्णता वाढते, आणि बूस्ट गळला की काळा धूर येऊन बोंब होते. पेट्रोलमध्ये बूस्टखाली इंधन कमी पडलं की उष्णता वाढते, आणि ती धुराशिवाय, आवाजाशिवाय वाढते. डिझेलवाल्याचा डोळा धुराला सरावलेला असतो; इथे त्याला आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो. हा फरक एकदा सांगितला की दारासुरमच्या शेडमधला माणूस चेन्नईच्या कुठल्याही दुकानाइतकं काम करतो. त्या होजवर त्याचंच बोट पडलं, आधी तिथे लॅपटॉप घेऊन येऊन गेलेल्याचं नाही.

साधनांची सबबही पुरेशी नाही. धुराचं यंत्र, इंधनाच्या दाबाचा काटा, वाइडबँड सेन्सर, थेट आकडे दाखवणारा स्कॅनर: एवढं मिळून कुठल्याही बऱ्या गॅरेजच्या आवाक्यात आहे. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाड्यांसाठी पीयूसी केंद्रावर चार वायू मोजणारं यंत्र असतं आणि त्यावर लॅम्बडाही दिसतो. अडीच हजार आरपीएमवर. कॉम्प्युटरची ट्रिम शेवटच्या टोकाला गेली असताना गाडी खरोखर लीन आहे की ऑक्सिजन सेन्सरच बिघडला आहे, हे तिथे काही मिनिटांत कळतं. (एक्झॉस्ट मनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंत कुठे फूट असेल तर तो आकडा धरू नये, बाहेरचा ऑक्सिजन मिसळतो आणि गाडी उगाच लीन दिसते.)

सुपरचार्ज्ड इंजिनाच्या इतिहासातलं इंधनाच्या निदानाचं सगळ्यात मोठं उदाहरण याच पद्धतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, विमानाने नाक खाली घालून झेप घेतली की अडखळायचं. जर्मन विमानांत इंधन इंजेक्शनने जात होतं, त्यांना हा त्रास नव्हता. कार्बुरेटर बदला, इंजिन बदला, अशी चर्चा सहज होऊ शकली असती. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग यांच्या उपायामागे घटनेची फोड होती. अडखळणं दोन टप्प्यांचं होतं: आधी इंधन फ्लोट चेंबरमध्ये वर उसळतं म्हणून क्षणभर लीन, आणि मग पंपाचं सगळं इंधन बेबंद आत घुसतं म्हणून रिच. विमान खऱ्या अर्थाने बंद पाडत होता तो दुसरा टप्पा. पूर्ण ताकदीला जेवढं इंधन लागतं तेवढंच जाऊ देणारं, मोजून भोक पाडलेलं एक छोटं धातूचं रिस्ट्रिक्टर त्यांनी इंधनाच्या वाटेवर बसवलं. १९४१ मध्ये ते विमानतळांवरच, विमानं सेवेतून न काढता, बसवलं गेलं. लीन आणि रिच हे एकाच तक्रारीचे दोन वेगळे भाग आहेत, हे ओळखलं नसतं तर इंधन वाढवावं की कमी करावं, यावरच वाद होत राहिला असता.

'निदानात वेळ जातो, ग्राहक थांबत नाही,' असं मेकॅनिक म्हणतात, आणि यात दोष मालकांचाही आहे. आपण पार्टचे पैसे विनातक्रार देतो आणि तासभर शोधण्याचे पैसे मागितले की चेहरा पाडतो. होज दोन-चारशेचा आणि मजुरी हजारांत, असं बिल पाहून भांडणारा मालकच मेकॅनिकला पार्ट बदलत बसायला शिकवतो. शोधण्याच्या तासाचे पैसे ठरवून, आधी सांगून, द्यायला हवेत.

ट्यूनरकडे माझी मागणी मोजकी आहे. मॅपला हात लावण्याआधी आयडलिंग, अडीच हजार आणि पूर्ण जोर, अशा तिन्ही ठिकाणचे ट्रिम, हवेचं वजन, इंधनाचा दाब आणि लॅम्बडा लेखी द्या. धुराची चाचणी केल्याची नोंद त्यात असू द्या. गळती नाही, पट्टा घसरत नाही, बायपास मिटतो, पंप बूस्टमध्ये दाब धरतो, पुढची वाट मोकळी आहे, आणि तरी ट्रिम सगळीकडे सारखी वर आहे, असं निघालं तर इथेनॉलसाठी मॅप सुधारायला माझी हरकत नाही. मात्र तो बदल चार-सात टक्क्यांचा असेल, बाराचा नसेल. आणि मूळ मॅपची फाइल मालकाच्या हातात द्या. पुढे पंप किंवा सेन्सर बदलला की गाडीला त्याच फाइलवर परत जावं लागतं, आणि ती फाइल तुमच्याच लॅपटॉपमध्ये राहिली तर मालकाला तुमच्याशिवाय दुसरा मेकॅनिक उरत नाही.